शिलावर्तुळांचे गणगोत

पुण्याच्या शिवाजीनगराचे जुने नाव भांबुर्डे, बंगळूरच्या शिवाजीनगराचे ब्लॅकपल्ली. आज दोहोंचे नाव एक आहे. म्हणून एक वस्ती दुसरीतून निघाली असे कोणी म्हणत नाही. शिलावर्तुळांपुढे मात्र भल्याभल्यांचा हा विवेक सुटतो.

सुरपूर संस्थानाचा कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिकडची वर्तुळे उकरली, तेव्हा त्याला इंग्लंड आणि ब्रिटनीमधील थडगी आठवली, आणि केल्ट-सिथियनांचा धागा त्याने थेट दख्खनपर्यंत ओढला. कल्पना मोहक खरी. पण स्टोनहेंजचे मोठे दगड इसवी सनापूर्वी २५०० च्या सुमारास उभे राहिले, तर दख्खनची वर्तुळे बव्हंशी लोहयुगातील, म्हणजे हजारांहून अधिक वर्षांनी अलीकडची.

घराजवळचा प्रश्न याहून अवघड आहे. बंगळूरच्या पश्चिमेस सावनदुर्गाची दफनभूमी ब्रॅनफिलने १८८१ मध्ये वर्णिली. पूर्वेस होसकोटे तालुक्यात जडिगेनहळ्ळी येथे शेषाद्रींनी १९५७ मध्ये उत्खनन केले. इकडे नागपूरजवळ एकट्या जुनापाणीला सुमारे ३०० वर्तुळे. दक्षिणेत आणि विदर्भात दोहोंकडे काळी-तांबडी भांडी, दोहोंकडे लोखंड. गणगोत जुळले असे वाटावे, तोच आतली रचना आडवी येते. कर्नाटकातील वर्तुळाच्या पोटात अनेकदा उभ्या शिळांची पेटी असते, आणि तिच्या एका शिळेला गोल छिद्र. व्हीलरने १९४७ मध्ये ब्रह्मगिरीला अशाच पेट्या उघडल्या. विदर्भात धोंड्यांच्या कड्यात माती-गोट्यांचा भराव, पेटी सहसा नाहीच. या भेदाचे एक कारण वंशात नसून खडकात असावे: ग्रॅनाइटच्या सपाट शिळा सुटतात, बसाल्टचे गोलसर धोंडे हाती येतात.

मग नाते शोधायचे कशात? शां. भा. देवांना १९७०-७२ मध्ये माहुरझरीला माणसांसोबत पुरलेले घोडे सापडले, तांब्याच्या अलंकारांसह. पुढे नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. घोडे कोणत्या वाटेने आले, लोखंड कोणाकडे गेले, हे विचारण्याजोगे प्रश्न. वर्तुळ काय, मूलही वाळूत काढते.

विदर्भात लोक ही वर्तुळे गवळ्यांची मानत आले, कर्नाटकात मोरियर नावाच्या बुटक्या लोकांची. ज्याचे त्याने त्या दगडांना आपापले धनी दिले. शेताच्या बांधाला वा घराच्या पायाला दगड हवा असला, की त्या धन्यांना मात्र कोणी विचारत नाही. आणि कड्यातला एक धोंडा हलला, की त्याच्याखालच्या मडक्याची जागाही हलते.