तहकूब ठेवलेला प्रश्न

मुलांना घरी शिकविणाऱ्याजवळ असे कोणते साधन असते, की जे चाळीस मुलांच्या वर्गापुढे उभ्या असलेल्या शिक्षकाजवळ नसते, याचा विचार मी पुष्कळ दिवस करीत आलो आहे. आणि आयुष्याचा बहुतेक भाग जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत घालविल्यानंतर आता वाईच्या आमच्या घरी ओसरीवर बसून नात आणि नातू यांना शिकवीत असताना मला दिसते ते असे, की हे साधन पुस्तकांत नाही, नकाशांत नाही, शिकविणाऱ्याच्या विद्वत्तेतही नाही. ते केवळ वेळेत आहे. शाळेतल्या शिक्षकाला दिवसाचे वेळापत्रक, महिन्याचा नेमलेला भाग आणि वर्षाची परीक्षा यांच्या हुकमतीत राहावे लागते, त्यामुळे मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच तासात देऊन मोकळे होण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. घरच्या शिक्षकाला मात्र प्रश्न तहकूब ठेवण्याची मुभा असते, आणि माझ्या मते या कामातले सारे कसब त्या मुभेचा उपयोग कोठे करावा आणि कोठे करू नये हे ओळखण्यात आहे.

सकाळचा पहिला तास शिरस्त्याचा. त्यात काही तहकूब होत नाही. पाढे, आणि पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, सवायकी, दिडकी ही जुनी उजळणी मी अद्याप मोठ्याने म्हणवून घेतो. कारण जे ज्ञान ओठांवर तयार असावे लागते, ते शोधून काढण्यात मुलांची शक्ती खर्ची घालणे मला अन्यायाचे वाटते. सात वर्षांच्या नातवाची अडचण या तासात नित्य दिसते. बावन्न लिही म्हटले की तो पंचवीस लिहितो, कारण त्याच्या कानावर दोन आधी पडतात आणि पन्नास मागाहून येतात. ही अडचण खरी आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ या धर्तीची संख्यावाचनाची रीत आली आणि तिच्यावरून महाराष्ट्रात मोठा वादंग माजला, त्या वेळी टीका करणाऱ्यांपैकी किती जणांनी अशा मुलाची पाटी जवळून पाहिली असेल, असे माझ्या मनात येई. तरीही संख्यांची वडिलोपार्जित नावे टाकून द्यावी या मताचा मी नाही. खराट्याच्या हिरांचे दहा-दहाचे जुडगे दोऱ्याने बांधून आम्ही एका डब्यात ठेवले आहेत. एकोणसाठ म्हटले की नातू प्रथम पाच जुडगे आणि नऊ हीर मोजून मांडीत असे. एके सकाळी त्याने सहा जुडगे पुढे ओढले, शेवटच्या जुडग्याचा दोरा सोडला, त्यातला एक हीर काढून मांडीखाली सरकवला आणि उरलेल्यांवर हात ठेवून माझ्याकडे पाहिले. साठाला एक उणा, हे मी त्याला तोवर सांगितलेले नव्हते.

भाषेचा पाठ त्यानंतर. दहा ओळी शुद्धलेखन, आणि मग एखाद्या नियमाचा शोध. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली मान्य झाले आणि १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली; हे अठरा नियम मुलांकडून घोकून घेता येतात, परंतु नातीला मी नियम न देता शब्द दिले: फूल आणि फुलाला, बहीण आणि बहिणीला, गरीब आणि गरिबाला. वहीच्या दोन स्तंभांत असे शब्द भरता भरता तिलाच दिसून आले, की पहिल्या स्तंभातले दीर्घ अक्षर दुसऱ्यात गेल्यावर ऱ्हस्व होते. मग मी तिला ‘गीत’ आणि ‘गीताला’ हे शब्द दिले. तिची भुवई चढली. तत्सम शब्दांचा अपवाद तिला दुसऱ्या दिवशी सांगितला. तोवर तिने घरातल्या वर्तमानपत्रातून असे आणखी काही बंडखोर शब्द हुडकून ठेवले होते.

ज्या प्रश्नाने मला या सबुरीचे मोल पुरतेपणी पटले, तो भूगोलाचा. गणपतीच्या घाटावर पाय पाण्यात सोडून बसलेली असताना नात म्हणाली, “आजोबा, समुद्र तर डोंगरापलीकडेच आहे ना? मग कृष्णा तिकडे का नाही गेली?” महाबळेश्वरापासून अरबी समुद्र जेमतेम चौसष्ट किलोमीटरांवर, आणि तेथेच उगम पावणारी कृष्णा त्याच्याकडे पाठ फिरवून महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण, आंध्र अशी सुमारे चौदाशे किलोमीटरांची वाटचाल करून बंगालच्या उपसागराला मिळते, ही गोष्ट खरोखर नवल वाटण्यासारखीच आहे. दख्खनच्या पठाराचा उतार पूर्वेकडे आहे, हे उत्तर माझ्या जिभेवर होते. चार शब्दांत प्रकरण निकालात निघाले असते. मी म्हणालो, “बघू या. वहीत लिहून ठेव.”

पुढे काही दिवस तो प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर तसाच पडून राहिला. मध्यंतरी अंगणात माती कालवून आम्ही सह्याद्री रचला; पश्चिमेची बाजू मी मुलांना उभ्या कड्यासारखी करावयास सांगितली आणि पूर्वेची लांब, मंद उतरत जाणारी. माथ्यावर तांब्याने पाणी सोडण्याचे काम नातवाकडे. त्याचा हात बोटभर इकडे झाला की पाणी पश्चिमेला धाडकन खाली पडे, बोटभर तिकडे झाला की पूर्वेकडे संथपणे वळणे घेत तुळशीवृंदावनापर्यंत जाई. हा खेळ बराच वेळ चालला. नंतर नकाशात महाबळेश्वर काढून त्याच परिसरात उगम पावणाऱ्या नद्या मुलांनी बोटाने गिरविल्या: कृष्णा पूर्वेला, वेण्णा तिला संगम माहुलीस भेटणारी, कोयना तिला कऱ्हाडास समोरून येऊन मिळणारी, आणि सावित्री मात्र एकटी पश्चिमेला उडी घेऊन बाणकोटाजवळ समुद्रात जाणारी. “म्हणजे एक गेली की तिकडे!” नात ओरडली, आणि तिने वहीतल्या प्रश्नाखाली आपले उत्तर आपल्या शब्दांत लिहिले. त्यात ‘पठार’ हा शब्द नव्हता. तो मी मागाहून दिला, आणि ज्याची गरज आधी निर्माण झालेली असते तो शब्द मुले विसरत नाहीत असा माझा अनुभव आहे.

विषयांच्या सरहद्दी अशा वेळी आपोआप पुसट होतात. अंगणात रोवलेल्या काठीची सावली सर्वांत आखूड केव्हा होते हे टिपून ठेवताना ती बाराला न होता साडेबाराच्या सुमारास होते, असे मुलांना आढळले. हे असे का, याची उकल करण्यास भूगोल, विज्ञान आणि गणित ही तिन्ही एकत्र बसली. आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्ताप्रमाणे चालते, वाई सुमारे चौऱ्याहत्तर अंशांवर, आणि पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. साडेआठ चोक किती? आठ चोक बत्तीस, आणि अर्ध्याचे चौपट दोन, चौतीस. वर्षाच्या वेगवेगळ्या ऋतूंत ही वेळ काही मिनिटांनी मागेपुढे होते, तो प्रश्न सध्या वहीत आहे. सकाळच्या तासातील निमकी पाठ नसती तर हे चौतीस नातीच्या तोंडून असे सहज निघाले नसते, म्हणून त्या शिरस्त्याच्या तासातून मी कोणाला सूट देत नाही.

इतिहासासाठी आम्हांला दूर जावे लागत नाही. १६५९ च्या प्रतापगडच्या प्रसंगापूर्वी अफजलखानाचा तळ वाईस होता, आणि नाना फडणिसांचा वाडा नदीकाठाने चालत जाण्याच्या अंतरावर मेणवलीस उभा आहे. तेथल्या दप्तरात पेशवाईचा केवढा कारभार कागदोपत्री शिल्लक राहिला, हे सांगितल्यापासून नात आपल्या वह्या तारीख घालून जपून ठेवू लागली आहे.

शिक्षण चार भिंतींत अडकविण्याची गरज नाही, हे महाराष्ट्राला कोणी नव्याने सांगावे असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीस १९४५ साली बालशिक्षणाचे जे काम आरंभिले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वाढविले, त्यात गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली होती. परंतु त्या दोघींनी जे केले ते शाळेला पोहोचू न शकणाऱ्या मुलांसाठी, आणि त्यामागे जन्मभराचे व्रत होते; आज सुस्थितीतल्या घरांतून मुलाला शाळेतून काढण्याचा विचार जेव्हा मी ऐकतो, तेव्हा माझ्या मनात प्रथम येतो तो प्रश्न हा, की त्या घरात रोज सकाळी मुलाजवळ बसणारे माणूस कोण? घरातच घंटा, गणवेश आणि चाळीस मिनिटांचे तास थाटून जे शाळेचीच नक्कल करतात, ते शाळेतले सोबती गमावतात आणि घरचा वेळही गमावतात. आमची दोन्ही मुले संध्याकाळी आळीतल्या मुलांबरोबर खेळतात, तेवढ्याने सोबतीची उणीव सर्वस्वी भरून निघते असे मी म्हणणार नाही.

परीक्षेची चिंता त्या मानाने लहान आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मूलभूत शिक्षणक्रमात तिसरी, पाचवी आणि आठवी यांना समकक्ष असे तीन स्तर आहेत, आणि त्या वाटेने दाखला मिळू शकतो. खरी चिंता सकाळच्या तासाची. म्हणून ज्यांच्या मनात हा विचार घोळत आहे त्यांना माझी विनंती आहे, की जूनमध्ये मुलाचे नाव शाळेतून काढण्यापूर्वी मे महिन्याच्या सुटीत रोज सकाळी एक तास त्याच्याजवळ बसून पाहावे, एकही दिवस न चुकविता. आणि त्याने विचारलेला एक तरी प्रश्न, उत्तर ठाऊक असूनही, आठवडाभर वहीत राहू द्यावा. हे ज्यांना साधेल त्यांनी पुढचा विचार करावा.