गिरणीतले सोबती

नोकरी गेलेल्या माणसाने जुन्या सोबत्यांना भेटावे की टाळावे, हा प्रश्न आपल्या वस्तीत कुणी उघड बोलत नाही. पण मुंबईच्या गिरण्या बंद पडल्यावर हजारो घरांत तो उभा राहिला होता. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत एकेक भोंगा मुका होत गेला. आमची गिरणी त्यातलीच. मी त्रासन खात्यात होतो.

गिरणी चालू असताना भेटीगाठी ठरवाव्या लागत नव्हत्या. पाळी सुटली की गेटावर चहा, पगाराला भिशी. बंद झाल्यावरही वर्षभर आम्ही गेटावर जमत होतो, ग्रॅच्युइटी आणि फंड कधी मिळणार ते विचारायला. रकमा हातात आल्या आणि माणसे पांगली. कुणी दिव्याला, कुणी नालासोपाऱ्याला. ज्यांना गावी जमीन होती ते गावी परतले. आपल्यातल्या बहुतेकांना गावी चार भिंतींपुरती जागा, कसायला काही नाही. त्यांनी हातगाडी धरली, नाका धरला.

अंतरापेक्षा चहाने जास्त माणसे तोडली. चौघे हॉटेलात बसले की पैसे कोण देणार? ज्याला काम लागले तो देतो. दुसऱ्या वेळीही तोच देतो. तिसऱ्या वेळी ज्याच्या खिशात काही नाही तो लांबून पाहूनच पलीकडच्या फुटपाथने जातो, आणि आपण म्हणतो याला गर्व झाला.

माझ्या शेजारच्या मशिनवर बारा वर्षे काम केलेला एक सोबती असाच दिसेनासा झाला. मागाहून कळले, गिरणीच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये तो रातपाळीचा वॉचमन आहे. जिथे सूत काढले तिथेच खुर्ची टाकून गाड्यांचे नंबर लिहायचे. भेटायला जावे की नाही यावर आमच्यात वाद झाला. एक म्हणाला, "त्याला लाज वाटेल." त्यावर साचेखात्यातला आमचा साताऱ्याकडचा मराठा मित्र म्हणाला, "लाज वाटायला त्यानं काय चोरी केलीया?"

साचेखात्याविषयी तरुण वाचकांना सांगितले पाहिजे. पूर्वी धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धागा चालायचा नाही, म्हणून आपल्या लोकांना त्या खात्यात घेत नसत. आणि मजुरी जास्त मिळायची ती तिथेच. 1928 च्या मोठ्या संपात परमपूज्य बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता. माझ्या वडिलांच्या पिढीने वेगळे माठ पाहिले आहेत.

शेवटी आम्ही तिघे रात्री दहाला थर्मासात घरचा चहा घेऊन गेलो. आमची चाहूल लागताच तो ताडकन उभा राहिला, साहेब आल्यासारखा. मग ओळखले. "तुम्ही होय! मला वाटलं कुणी मेंबर आला." थर्मासचे झाकण एकच. तेच चौघांत फिरले, साचेवाल्याने प्यायले आणि माझ्या हातात दिले. गाडी आली की आमचा गडी उठून फाटक उघडायचा, परत येऊन अर्धे राहिलेले बोलणे पुढे चालू करायचा. बारापर्यंत बसलो.

तेव्हापासून आम्ही हॉटेल सोडले. ज्याच्या घरी जमायचे त्याच्याकडे कोरा चहा, बाकी काही नाही. माझ्या मते हे घरच्या बाईच्या हातात असते. नवरा घरी बसलेला असताना त्याचे चार सोबती आले तर "आणखी खर्च" म्हणून कपाळाला आठी घालू नका, भगिनींनो; त्या चार माणसांशी बोलून उठलेला नवरा आणि गुत्त्यावरून आलेला नवरा यातला फरक तुम्हाला मी काय सांगावा. "सध्या काय करतोस?" हे आम्ही आधी विचारत नाही, ज्याचे त्याने सांगावे. उसने पैसे एकट्याकडे मागायचे नाहीत; नड असेल तर सगळ्यांनी मिळून द्यायचे.

एकदा मात्र मंडळी मोडायला आली होती. 2012 च्या म्हाडाच्या सोडतीत आमच्या एकाचे नाव लागले, बाकीचे राहिलो. तो तीन महिने आलाच नाही. अखेर त्याची पत्नीच पेढे घेऊन दारोदार आली. पेढे सगळ्यांनी खाल्ले. एकाने जरा उशिरा खाल्ला.

अकरा जणांतले आता पाच उरलो. 6 डिसेंबरला दादरला भेटतो. चैत्यभूमीजवळची इंदू मिल बाबासाहेबांच्या स्मारकाला द्यायचे 2012 मध्येच ठरले, तिच्याच बाजूने आमची रांग जाते. साचेवाल्याचे गुडघे गेले आहेत, त्याला त्याचा मुलगा स्टेशनपर्यंत आणून सोडतो आणि तिथून पुढे आम्ही हाताला धरतो. डबा ज्याचा त्याने आणायचा, पण त्याची सून पाच जणांच्या भाकऱ्या देते.