कथा कोणती आणि अलंकार कोणता?





पालकसभेत आजकाल एक तक्रार हमखास येते. मुले मोबाईलवर आणि संगणकावर खेळतात, ते तर आहेच. पण खेळून झाल्यावर त्याच खेळावर तासन्‌तास वादही घालतात. नववी-दहावीची मुले मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून भांडताना आम्हीही ऐकतो. "त्याने तिला का वाचवले नाही?", "शेवटी तो मेला की स्वप्न होते?", "तो भाग तू विकत घेतला नाहीस, म्हणून तुला कळले नाही!" या तीन वाक्यांपैकी पहिल्या दोन वाक्यांची आम्हाला चिंता वाटत नाही. तिसऱ्याची वाटते. आजचा लेख त्या तिसऱ्या वाक्यासाठी आहे.

ज्येष्ठ मंडळींसाठी थोडा खुलासा करतो. या प्रकारच्या खेळात एक पात्र आपण व्हायचे असते. कोणाशी मैत्री करायची, कोणाला मदत करायची, कोणता मार्ग धरायचा हे आपण ठरवतो आणि त्याप्रमाणे कथा वळण घेते. जणू नाटकात भूमिकाही आपली आणि संवाद निवडणेही आपल्याच हाती. अशी कथा तीस-चाळीस तास चालते. मग तिच्यात न कळलेल्या जागा राहिल्या, तर वाद होणारच.

असा वाद वाईट नाही. आपल्याकडे महाभारतावर तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचे काम हाती घेतले. डॉ. वि. स. सुखटणकर १९२५ पासून १९४३ मध्ये निधन होईपर्यंत तिचे प्रमुख संपादक होते. देशभरातल्या १२५९ हस्तलिखितांचा उपयोग झाला आणि १९६६ साली काम पूर्ण झाले. संहितेतला मूळ भाग कोणता आणि मागाहून जोडलेला कोणता, हे त्या विद्वानांनी ताडून पाहिले. गणपतीने व्यासांचा लेखनिक होण्याची कथा आणि स्वयंवरात द्रौपदीने कर्णाला सूत म्हणून नाकारण्याचा प्रसंग, या दोन्ही ओळखीच्या गोष्टी त्यांनी मूळ संहितेत धरल्या नाहीत. पण त्या फेकूनही दिल्या नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवल्या, म्हणजे वाचणाऱ्याला दोन्ही दिसावे. मुलांनो, तुम्ही मधल्या सुट्टीत जे करता, त्याचेच हे मोठे रूप आहे. मूळ काय आणि जोड काय, हे ओळखायला शिकणे म्हणजेच वाचायला शिकणे.

आता पैशाच्या गोष्टीकडे वळू. मूळ खेळ विकत घेतल्यावर वरून वेगळे पैसे देऊन घ्यायचे भाग असतात. २००६ च्या एप्रिल महिन्यात 'ओब्लिव्हियन' या खेळाच्या कंपनीने घोड्याचे चिलखत सुमारे अडीच डॉलरला विकायला काढले. घोडा सजला, कथेत काहीच बदलले नाही. लोक हसले, रागावले, आणि कित्येकांनी ते विकत घेतलेही. हा अलंकार झाला. तो न घेणाऱ्याचे काही अडले नाही.

२०१२ साली मात्र गोष्ट पुढे गेली. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीचा 'मास इफेक्ट' नावाचा तीन भागांचा खेळ आहे. (तिसरा भाग सतरा वर्षांवरील खेळाडूंसाठी आहे, म्हणून तो खेळा असे आम्ही सांगत नाही, उदाहरण म्हणून घेतो.) त्यात प्रोथियन नावाची, पन्नास हजार वर्षांपूर्वी नाहीशी झालेली एक प्राचीन जमात आहे. पहिल्या भागापासून सारे रहस्य तिच्याभोवती फिरते. मार्चमध्ये तिसरा भाग आला आणि त्याच दिवशी दहा डॉलरचा जादा भागही आला. त्यात मिळणारा सोबती कोण? त्या जमातीचा जिवंत उरलेला माणूस! खेळाडू म्हणाले, हा तर कथेचा गाभा, तो वेगळा का विकता? कंपनीचे म्हणणे असे, की मूळ खेळ तयार झाल्यानंतर त्या भागाचे काम पूर्ण केले. बाजू दोन्ही होत्या. पण ज्याने दहा डॉलर दिले नाहीत, त्याची कथा अपुरी राहिली, हे खरेच.

त्यातच शेवटाचा वाद पेटला. तीन भागांत घेतलेल्या निर्णयांचा शेवटी काही उपयोगच झाला नाही, लाल, निळा आणि हिरवा एवढाच फरक उरला, अशी तक्रार झाली. काहींनी जुने धागेदोरे जुळवून मांडले, की शेवटचा प्रसंग नायकाच्या मनावर शत्रूने घातलेली भूल आहे. काहींनी तिन्ही रंगांचे चारशेहून अधिक छोटे केक कंपनीला पाठवले. रंग वेगळे, चव एकच! आणि काहींनी निषेध म्हणून रुग्णालयांतल्या मुलांना खेळणी देणाऱ्या एका संस्थेसाठी ऐंशी हजार डॉलरच्या वर रक्कम जमवली. निषेध असाही करता येतो, हे मुलांनी लक्षात ठेवावे. कंपनीने २६ जून २०१२ रोजी मूळचे शेवट तेच ठेवून खुलाशाची दृश्ये जोडली आणि ती फुकट दिली. पण लगेच ऑगस्टमध्ये, शत्रू मुळात कुठून आला हे सांगणारा आणखी एक जादा भाग निघाला. तो मात्र पैसे घेऊन. २०२१ मध्ये तिन्ही भाग एकत्र नव्याने काढले, तेव्हा तो प्रोथियन सोबती त्यातच दिला. उशिरा का होईना, गाभा गाभ्याच्या जागी आला.

आपल्या पुण्याचेही एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये आला. असुरांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेल्या बहिणीची ही गोष्ट, आणि ती सांगतात दुर्गा आणि विष्णू. त्या वर्षी एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पुरस्कारासाठी पदार्पणाच्या गटात त्याचे नामांकन झाले. पण खेळ लहान आहे आणि कथा मध्येच तुटल्यासारखी संपते, असे अनेकांनी म्हटले. २०२२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात हिंदी आवाज आले, आणि ज्यांच्याकडे खेळ आधीच होता त्यांना ती फुकट मिळाली. छोट्या कंपनीलाही असे वागता येते, हे नमूद करायला आम्हाला आनंद वाटतो.

कोणी म्हणेल, कथा भागांत विकणे जुनेच आहे. बरोबर. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता संतति' आमच्या आवडीची. तिचे चोवीस भाग आहेत. पण तिथे एकामागून दुसरा भाग येतो. एखाद्या भागाच्या पोटातले पान काढून वेगळे विकलेले नाही. आपल्या जिल्ह्याचेच पाहा. केस्लापूरच्या नागोबा जत्रेला गेलेल्यांनी किकरीचे सूर ऐकले असतील. परधान कथेकरी आपल्या गोंड यजमानांच्या कुळाची कथा किकरीवर गातात आणि यजमान त्यांना धान्य, दान देतात. कथेकऱ्याला मोबदला मिळालाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण गाणे सुरू झाले की ते सगळ्या मांडवासाठी असते. ज्याने पायली दिली त्याला शेवट आणि ज्याने ओंजळ दिली त्याला अर्धीच कथा, असे होत नाही.

आमची चिंता नेमकी इथे आहे. एकाच बाकावर कापूस व्यापाऱ्याचा मुलगा बसतो आणि कापूस वेचायला जाणाऱ्या आईचाही. धड्यावरच्या वादात दोघे बरोबरीने बोलतात. खेळावरच्या वादात मात्र एकाला "तुला कळणार नाही" असे ऐकावे लागते, कारण त्याच्या घरी वरचे पैसे नाहीत. तोंड बंद करायला बुद्धी कमी पडली असती तर आम्ही अभ्यास वाढवला असता. पैसा कमी पडला म्हणून कोणाचे तोंड बंद होऊ नये. ज्याच्याकडे तो भाग आहे, त्याने मित्राला त्यातली गोष्ट सांगावी. सांगितल्याने गोष्ट संपत नाही, उलट सांगणाऱ्यालाच ती जास्त कळते.

पालकांना एक विनंती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून, पैसे जिंकण्याच्या आशेने खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. म्हणून काळजी मिटली असे समजू नका. पोशाख, हत्यारे, कथेचे जादा भाग विकत घेणे हा निराळा व्यवहार आहे. मोबाईलवरून पैसे देण्याचा पिन मुलांच्या हाती देऊ नये. आणि मुलाने मागणी केली तर एकदम रागावूही नये. त्याला तीन प्रश्न विचारावेत : हा अलंकार आहे की कथा? हा भाग नसला तर गोष्ट पुरी होते का? होत नसेल, तर अर्धी गोष्ट विकणाऱ्याला आणखी पैसे द्यावेत का? उत्तर त्यालाच देऊ द्या. जो मुलगा हे पटवून सांगू शकेल, तो भाषेच्या पेपरातही मागे राहणार नाही.

यंदाच्या स्नेहसंमेलनात वादविवादाचा विषय आम्ही हाच ठेवत आहोत : 'कथेचा शेवट विकत घ्यावा लागावा काय?' खेळणाऱ्यांनी आणि न खेळणाऱ्यांनी, दोघांनीही नावे द्यावीत. वर्गशिक्षकांकडे यादी लावली आहे. पालकांनी ऐकायला अवश्य यावे.



आपले,
मुख्याध्यापक