टाकीचा पारा

मत्स्यालयावरचा बहुतेक सल्ला थंड मुलखातून येतो, म्हणून त्यात हीटरचीच चिंता फार. ठाणे-कल्याण पट्ट्यात हीटर लागतो तो डिसेंबर-जानेवारीतल्या काही रात्री. खरी परीक्षा एप्रिल-मेची. पश्चिमेला खिडकी असलेल्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी सहज 31 अंशांवर जाते. पंप आणि दिवे आपली भर घालतातच. 25 अंशांच्या समुद्री पाण्यात लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 31 अंशांना सहाच्या जरा वर. आणि उष्म्यात माशाला तो लागतो जास्त.

*

पंखा-हीटर आपोआप चालू-बंद करणाऱ्या तापमान कंट्रोलरचे स्वस्तात तीन पर्याय. डब्ल्यू-1209 ही उघडी पाटी सगळ्यात स्वस्त. बारा व्होल्टवर चालते, रिले एकच. अंडी उबवायच्या पेटीला ठीक. खाऱ्या तुषारांजवळ ती गंजणार, तेव्हा नको. एसटीसी-1000 काही शे रुपयांत मिळतो; त्यात दोन रिले, एक गरम करायला, एक गार करायला. इंकबर्डचा आयटीसी-308 हेच काम करतो, पण पिना-सॉकेटसह तयार येतो आणि किंमत हजारांत जाते. घरात टेस्टर हातात धरणारं कोणी नसेल तर इंकबर्ड घ्यावा. नाहीतर एसटीसी-1000 आणि सोसायटीतला नेहमीचा वायरमन.

*

मुंबईत लॅमिंग्टन रोडला एसटीसी-1000 घेताना मागचं लेबल वाचायचं. 12, 24 आणि 230 व्होल्टचे नग समोरून एकसारखे दिसतात. शिवाय त्याच्या रिलेतून आपोआप वीज येत नाही. तो नुसता स्विच आहे. फेज आपल्यालाच फिरवून द्यावा लागतो. ‘नवा नग बंद निघाला’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

*

सेटिंग सोपं. एफ-1 मध्ये 26, एफ-2 मध्ये 1. म्हणजे 27 ला पंखा सुरू, 26 ला बंद. 25 ला हीटर सुरू, 26 ला बंद. एफ-3 ही कंप्रेसरसाठी उसंत: महावितरणची वीज गेली-आली की चिलरने लगेच धडपडून उठू नये. एफ-4 तापमानाची चूक दुरुस्त करायला. आकडा बदलल्यावर पॉवरचं बटण दाबायचं, नाहीतर दहा सेकंदांत जुनाच कायम.

*

रिले 10 अँपिअरचा लिहिलेला असतो, तो हीटरसारख्या साध्या भारासाठी. कंप्रेसर सुरू होताना काही पट करंट ओढतो आणि एखाद दिवशी रिलेचे पत्रे एकमेकांना चिकटतात. चिलर असेल तर मध्ये काँटॅक्टर टाकावा.

हीटरवरचा रिले चिकटला तर? हिशोब करून बघा. 100 लिटरच्या टाकीत 300 वॅटचा हीटर अडकला तर तासाला अडीच अंश चढतात. सकाळची फास्ट पकडून माणूस ठाण्यापुढे जातो, संध्याकाळी परत येतो तोवर कालवण. 100 वॅटचा हीटर तासाला पाऊण-एक अंश चढवेल, आणि त्यातलीही बरीच उष्णता काचेतून, पाण्याच्या पृष्ठभागावरून निघून जाईल. आपल्याकडच्या थंडीला 100 वॅट पुरे. हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट 27 वर ठेवायचा, म्हणजे कंट्रोलर फसला तरी दुसरा पहारा आहे.

*

प्रोब सक्शन कपवर विसंबून ठेवू नये. कप सुटला, प्रोब हवेत लोंबकळला, की जानेवारीच्या रात्री कंट्रोलर खोलीचं तापमान मोजत हीटर चालूच ठेवतो. केबल टायने बांधा, पाण्याच्या पातळीच्या बरंच खाली, हीटरपासून लांब.

*

पंखा. पाण्यावर फुंकर घालणारा संगणकाचा 12 व्होल्टचा पंखा हेच खरं स्वस्त चिलर. दिवसाला एक लिटर पाणी उडालं तर सरासरी 28 वॅट उष्णता बाहेर गेली. पण हवा दमट असेल तर पाणी उडतच नाही. हवा 34 अंश आणि आर्द्रता 60 टक्के असताना पंखा कितीही फिरला तरी पाणी 27 च्या खाली जात नाही. मग 26 लावलेला कंट्रोलर पंखा अहोरात्र फिरवत राहतो. मेमध्ये 26 चा हट्ट सोडून 27 लावावं, 28 पर्यंत चालू द्यावं. क्लाऊनफिशचं त्याने काही बिघडत नाही. चिलर पाच आकडी, बिल वेगळं.

*

उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. 100 लिटरमधून दोन लिटर गेले की 35 ची क्षारता 35.7. भर आरओच्या गोड्या पाण्याचीच. कोणीतरी विचारतोच, ‘खाडी एवढी जवळ, तिथलंच पाणी का नाही?’ ठाण्याची खाडी फ्लेमिंगोंना मानवते. टाकीला तो गाळ, सांडपाणी आणि भरती-ओहोटीगणिक बदलणारा खारेपणा परवडत नाही.

*

प्रवाळांच्या नादी लागण्याआधी: कठीण प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. दुकानात दिसले तरी घेऊ नयेत.

*

कंट्रोलरवर वाचवलेले पैसे 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचवर, घालावेत. खारं पाणी विजेला फार चांगली वाट देतं. प्रत्येक वायरीला सॉकेटच्या खालपर्यंत झोळ हवा, म्हणजे ओघळलेला थेंब तिथेच गळतो. कंट्रोलर टाकीच्या वर नको, बाजूच्या भिंतीवर, झाकणाच्या डबीत.

*

नवीन प्रोब बर्फाच्या चुऱ्यात पाच-दहा मिनिटं बुडवून बघावा. चुरा पाण्याने भिजलेला हवा, नुसते खडे नकोत. शून्याऐवजी 0.8 दाखवला तर एफ-4 मध्ये उणे 0.8. वर्षातून एकदा, मार्चच्या सुरुवातीला केलं तरी चालतं.