बादलीवरचें नांव

विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत पाणी मुबलक आहे कीं नाहीं, हें ओळखण्याची एक सोपी खूण मला इतक्या वर्षांच्या अनुभवानें सांपडली आहे. तेथल्या बादल्यांकडे पाहावें. श्रावणांत कोणती बादली कोणाची, हें खुद्द मालकालाही ठाऊक नसतें. होळी आटोपली कीं हळूहळू बादल्यांवर रंगानें लिहिलेलीं नांवें दिसूं लागतात, आणि वैशाखांत त्यांच्या कड्यांना सांखळी व कुलूप लागतें.

वर्ध्याच्या उन्हाळ्याचें वर्णन वाचकांना नव्यानें सांगावयास नको. मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्या दिवसांत आमच्या वसतिगृहांत नळाला पाणी येतें तें पहाटे चारला, आणि तेंही तळमजल्यापुरतें. वरचीं मुलें जिन्यानें बादल्या वाहतात. टँकर नऊला येतो, म्हणून नऊचा तास ओस पडतो. वेळापत्रक प्राचार्य करतात असें म्हणण्याची रीत आहे. उन्हाळ्यांत तें टँकरचा ड्रायव्हर करतो. ज्या मुलांनीं दिवाळीनंतर एकमेकांचे फराळाचे डबे फस्त केले, तींच तांब्याभर पाण्याचा हिशेब ठेवूं लागतात.

एका एप्रिलमध्यें अशाच रिकाम्या वर्गावर मी संतापलों. उशीरा आलेल्या एका मुलाला सर्वांदेखत म्हणालों, "काय रे, परीक्षा तोंडावर आली, आणि तुला नऊपर्यंत झोप येते?"

तो मान खालीं घालून म्हणाला, "नाहीं सर, पाण्याच्या रांगेंत होतों. खोलींतल्या सोबत्याला ताप आहे."

वर्ग अगदीं स्तब्ध होता. मीं "बैस" म्हटलें आणि पुस्तक उघडलें.

त्या संध्याकाळीं घरीं आलों, तों आमचा माळी मोगऱ्याच्या वाफ्यांत नळी सोडून निवांत बसला होता. प्राध्यापकांच्या बंगल्यांचा नळ निराळा आहे. तो मोगरा मीं वर्षानुवर्षें कौतुकानें पाहिला होता. त्याचीं फुलें खिशांत घालून वर्गांत निसर्गकवितेचें सौंदर्य समजावून दिलें होतें. कुंपणापलीकडून तो कसा दिसत असेल, हा प्रश्न मात्र मला त्या दिवसापर्यंत पडला नव्हता.

पाण्याला कुंपण घालण्याची आपली खोड जुनी आहे. १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्यासाठीं डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. पुढच्याच वर्षीं आमच्या वर्ध्यांत जमनालाल बजाजांनीं लक्ष्मीनारायणाचें मंदिर अस्पृश्यांना खुलें केलें. या दोन्ही घटनांवर मीं व्याख्यानें दिलेलीं आहेत. आणि तीं देऊन घरीं आल्यावर आपल्या कुंपणाआड नळ सोडलेला आहे!

गांधीजी १९३६ सालीं सेगांवीं, म्हणजे पुढच्या सेवाग्रामीं, राहावयास आले. हातांनीं केलेल्या कामांतून शिक्षण द्यावें, हा विचार १९३७ सालीं वर्ध्यासच भरलेल्या शिक्षणपरिषदेंत मांडला गेला. त्याच गांवीं आम्हीं मुलांना सर्व कांहीं शिकविलें. पाण्याचा हिशेब तेवढा राहिला. तो आम्हीं पुढच्या आठवड्यांत फळ्यावर मांडला. येथें वर्षाला सरासरी सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. गच्ची १,००० चौरस मीटरांची धरली, तर दहा लाख लिटर झालें. पाव भाग वाया गेला तरी साडेसात लाख उरतें. दीडशे मुलांना दररोज प्रत्येकीं ५० लिटर दिलें, तर तें १०० दिवस पुरेल. होळीपासून मृगापर्यंतचे दिवस साधारण तितकेच!

हें सगळें टाकींत मावणार नाहीं, हें खरें. पण विहिरीशेजारीं मुरवितां येईल. आमच्या भूमीखालीं काळा पाषाण आहे. तो पाणी धरतो तें आपल्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत. पावसाळ्यांत त्यांत कांहीं शिरूं दिलें नाहीं, तर वैशाखांत विहिरीकडे काय मागावें? २०१६ सालीं लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. उलट याच जिल्ह्यांत, आर्वी तालुक्यांतल्या काकडदरा या लहानशा गांवानें श्रमदानानें पाणी अडवून २०१७ सालीं वॉटर कपचें पहिलें पारितोषिक मिळविलें. तेथल्या लोकांनीं टँकरची वाट पाहिली नाहीं.

बंगल्यांच्या नळाला एक फांटा काढून मीं कुंपणाबाहेर तोटी बसवून घेतली. यांत उपकार कांहीं नव्हता. तें पाणी मुळांतच एकट्याचें नव्हतें. मोगरा त्या उन्हाळ्यांत वाळला, आणि घरांत दोन दिवस त्याची हळहळ चालली. गच्चीचे नळ विहिरीकडे वळविण्याचें काम मात्र अद्याप कागदांवरच फिरत आहे.

त्या मुलाची क्षमा मागण्याचें धैर्य मला झालें नाहीं. परीक्षा संपवून तो गांवीं निघून गेला. त्याची बादली तोटीखालींच राहिली होती. उचलून आंत ठेवावी म्हणून मीं वांकलों, तेव्हां तिच्यावर दोन नांवें दिसलीं. एक त्याचें होतें. दुसरें, निराळ्या अक्षरांत, त्याच्या खोलींतल्या सोबत्याचें.