मान वर केली तेव्हा

दिवाळीच्या तोंडावर घराला रंग काढायचा, हा आमच्याकडचा परिपाठ. यंदा रंगाऐवजी नोटीस लागली. डोंबिवलीतली आमची चार मजली इमारत अतिधोकादायक ठरली. वय अवघे ३५ वर्षे, माझ्याहूनही धाकटी! तिचा नकाशा कुणी काढला म्हणून मी जुने कागद धुंडाळले. नाव कुठेच नव्हते. बांधणारा तर केव्हाच परागंदा झालेला.

वकिलांना भेटायला मुंबईस गेलो. परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून स्टेशनाबाहेर उभा राहिलो आणि इतक्या वर्षांत प्रथमच मान वर करून ती वास्तू पाहिली. माझ्या आजोबांचे बोरीबंदर, वडिलांचे व्ही. टी., आणि आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस.

ती रचणारा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स इंग्लंडातल्या बाथ गावचा. जन्म १८४७ चा. ऐन विशीत, १८६७ साली, तो सरकारी बांधकाम खात्यात चाकरीला इकडे आला. पुढे रेल्वेने त्याला या कामासाठी मागून घेतले. ठाण्याला पहिली गाडी गेली होती १८५३ साली. तिला शोभेलसे घर बांधायचे होते. या गृहस्थाने काय करावे? दहा महिने युरोपात जाऊन तिकडची स्टेशने पाहिली! आधी अभ्यास, मग उत्तर. माझ्यातला मास्तर इथे खूश झाला.

काम १८७८ साली सुरू झाले ते १८८८ पर्यंत चालले. सोळा लाखांवर रुपये लागले. साहाय्यक अभियंता होते आपले सीताराम खंडेराव वैद्य. दगडातली पाने, मोर, माकडे यांच्या कोरीवकामात मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. गर्दीत धक्के खात मी ती माकडे शोधत राहिलो, आणि माझी गाडी चुकली.

समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. १९०० साली हिवतापाने तो मुंबईतच वारला. वय ५२.

घरी पोचलो तो आई जागीच.

"काय म्हणाले रे वकील?"

"बघू म्हणाले."

"मग कंदील लावायचा की नाही?"

मी स्टुलावर चढलो. नेहमीचा खिळा जरा हलवून पाहिला, तो मूठभर गिलाव्यासकट हातात आला. कंदील मग खिडकीच्या गजाला बांधला.