वीस की तीस? देवळातल्या पेट्यांसाठी स्पीकर निवडताना



देवळाच्या खांबांवर लावलेल्या दोन पेट्यांचा फोटो टाकल्यापासून रोज कुणी ना कुणी विचारतंय, की आत कुठला स्पीकर घातलाय, मध्ये काय जोडलंय, खर्च किती आला. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो. आज द्राक्षावर काही नाही असं म्हणणार होतो, पण गोष्ट द्राक्षापासूनच सुरू होते.

आमच्याकडं शेतीची चर्चासत्रं देवळाच्या सभामंडपात होतात. वर पत्रा, खाली फरशी, दोन बाजूंना भिंत. पुढं बसणाऱ्याला बोलणाऱ्याचे ओठ दिसतात, त्यामुळं अंदाज येतो. मागच्यांना नुसता गोंगाट. गेल्या हंगामात जीएच्या प्रमाणावर बोलणं झालं. सांगणाऱ्यानं सांगितलं वीस पीपीएम. बाहेर चप्पल घालता घालता चौघांत वाद, वीस म्हणाले की तीस? एकानं तीसनं डिपिंग केलं. देठ जाड आणि कडक पडले, व्यापाऱ्यानं नाक मुरडलं. त्याला दोष काय द्यायचा, त्यानं जे ऐकलं ते केलं.

दुसरं म्हणजे आमचे अण्णा, माझे थोरले बंधू. वय चौऱ्याहत्तर. चाळीस वर्षं ट्रॅक्टर आणि ब्लोअरच्या शेजारी गेली. बागेतलं त्यांच्याइतकं कळणारा माणूस आमच्या भावकीत नाही, पण ते चर्चासत्राला यायचेच बंद झाले. विचारलं तर म्हणाले, "अरे ऐकू येतं, पण कळत नाही. नुसत्या माना हलवत किती वेळ बसू?" कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, खालचा जाड आवाज ठीक आहे, वरचा बारीक आवाज कमी झालाय. मशिनीपाशी राबलेल्या माणसांचं हे असंच होतं.

म्हणजे प्रश्न आवाज वाढवण्याचा नव्हताच. बोलण्यात स्वरांना जोर असतो आणि तो जोर खालच्या पट्टीत असतो. व्यंजनांचं तसं नाही. त, ठ, च, स ह्यांची ओळख पटवणारा भाग बराचसा २००० हर्ट्झच्या वर असतो आणि त्यात ताकद फार कमी. वीस आणि तीस ह्यांत फरक एका व्यंजनाचा. सात आणि साठ, साठ आणि आठ, तेच. 'ईस' एवढंच कानावर पडलं तर माणूस डोस कसा ठरवणार? मशीनचा आवाज वाढवला की स्वर पत्र्यावर आपटून घुमतात आणि व्यंजनं त्याखाली गाडली जातात. जुना भोंगा गावाबाहेरच्या वस्तीपर्यंत पोचायचा, मंडपात मात्र शब्द सापडायचा नाही.

आता स्पीकरकडं येऊ. एकच कोन सगळा आवाज नीट देत नाही. जाड आवाजाला मोठा कोन, बारीक आवाजाला ट्विटर. कुठल्या फ्रिक्वेन्सीला एकानं थांबायचं आणि दुसऱ्यानं धरायचं, तो क्रॉसओव्हर. ठिबकची पाळी बदलताना आपण पुढचा व्हॉल्व्ह आधी उघडतो, मग मागचा बंद करतो, म्हणजे थोडा वेळ दोन्ही चालू राहतात. इथंही तसंच, काही पट्ट्यात दोघंही बोलत असतात. गडबड तिथंच होते.

बाजारातल्या साध्या पेटीत ट्विटर वर, वूफर खाली. समजा दोघांच्या मध्यांत २५ सेंटिमीटर अंतर आहे. पेटी खांबावर अडीच मीटर उंच, माणूस फरशीवर मांडी घालून, कान पाऊण मीटरवर. पाच मीटर लांब बसलेल्या माणसाच्या कानापर्यंत दोन आवाजांच्या वाटेत आठ-साडेआठ सेंटिमीटरचा फरक पडतो. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. त्याला २००० नं भागा, लाटेची लांबी १७ सेंटिमीटर येते. निम्मी साडेआठ. म्हणजे एका स्पीकरची लाट हवा पुढं ढकलते तेव्हा दुसऱ्याची मागं ओढते, आणि नेमक्या त्या पट्टीत आवाज बसतो. पेटी वाकवली तर खड्डा दुसऱ्या ओळीत जातो, बुजत नाही. घरात खुर्चीवर बसून गाणी ऐकणाऱ्याला हे जाणवत नाही, कारण तो पेटीच्या समोर बसलेला असतो. आपल्याकडं कुणी उभा, कुणी बसलेला, कुणी खांबाला टेकलेला.

कोअॅक्सियल स्पीकरमध्ये ट्विटर कोनच्या मधोमध असतो. दोन्ही आवाज एकाच जागेवरून निघतात, त्यामुळं उभ्याला आणि बसलेल्याला वाटेतला फरक वेगवेगळा पडत नाही. कल्पना जुनी आहे. इंग्लंडच्या टॅनॉय कंपनीनं १९४७ साली असा स्पीकर काढला, त्यात ट्विटरचा आवाज वूफरच्या चुंबकातून आरपार येतो. १९८८ मध्ये केईएफनं ट्विटर एवढा लहान केला की तो कोनच्या तळाशी, मधल्या टोपीच्या जागी बसला. निओडिमियमचं चुंबक आल्यामुळं ते जमलं.

पण कोअॅक्सियल म्हणून जे मिळतं ते सगळं एका जातीचं नाही. मी तीन प्रकार लावून बघितले.

पहिला गाडीतला लंबगोल. पुतण्याच्या जुन्या जीपमधला होता. ह्यात ट्विटर कोनच्या पुढं एका दांडीवर उभा, त्याला एकच कंडेन्सर. माझ्याकडच्यात ८ मायक्रोफॅरडचा होता आणि ट्विटर ४ ओहमचा. १,५९,००० ला ओहम आणि मायक्रोफॅरडच्या गुणाकारानं भागलं की फ्रिक्वेन्सी मिळते. इथं जवळपास ५०००. म्हणजे २००० ते ५००० हा व्यंजनांचा सगळा मळा एकट्या मोठ्या कोनच्या हातात. आणि लाटेची लांबी कोनच्या रुंदीइतकी झाली की कोनचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा समोरच पडायला लागतो, बाजूच्याला मिळत नाही. गाडीत चालतं, मंडपात नाही.

दुसरा छतात बसवायचा साडेसहा इंची. शब्द स्पष्ट, पण आमचा मंडप भरेना. लहान खोलीत शेतीशाळा घेणाऱ्यांनी हाच घ्यावा, माझं तरी मत तेच.

तिसरा आठ इंची, मागं चुंबकाला कॉम्प्रेशन ट्विटर जोडलेला, आवाज मधल्या भोकातून येणारा. हा ठेवला. बारा इंची घ्या, दणका येतो, असं दुकानदार सांगत होता. दणका कशाला हवाय? बारा इंची कोनची काम करणारी रुंदी साधारण २६ सेंटिमीटर, म्हणजे १३०० हर्ट्झलाच त्याचा झोत व्हायला लागतो. तिथं ट्विटरनं धरायला पाहिजे, आणि लहान ट्विटरला एवढं खाली उतरवलं की तो चिरकतो, जोरात वाजवला तर जळतोसुद्धा. आठ इंचीची रुंदी साडेसोळा-सतरा, म्हणजे २००० पर्यंत चालतं. कोन म्हणतो खाली तोडा, ट्विटर म्हणतो वर तोडा. दोघांचं जिथं जमतं तीच जागा. विकत घेताना ट्विटरचा कागद मागून घ्या, कमीत कमी किती हर्ट्झपासून चालवायचा ते त्यावर असतं. कागद नसेल तर मी तरी तो स्पीकर घेणार नाही.

आता क्रॉसओव्हर. लिंकविट्झ-रायली नावाची एक पद्धत आहे. त्यातला साधा प्रकार ८ ओहमला आणि २००० हर्ट्झला काढला तर जवळपास ५ मायक्रोफॅरड आणि १.२७ मिलिहेन्री येतो. ट्विटरला वाटेत कंडेन्सर आणि त्याच्या दोन टोकांत कॉइल. वूफरला उलटं, वाटेत कॉइल आणि टोकांत कंडेन्सर. ह्यातली गंमत अशी की पंख्याचा कंडेन्सर २.५ मायक्रोफॅरडचा असतो, तो ह्या कामाला उत्तम चालतो, आणि दोन शेजारी शेजारी जोडले की ५ झाले! तालुक्याला जायचीही गरज नाही. पंपाच्या स्टार्टरचा काळा कंडेन्सर मात्र वापरू नका, तो वेगळ्या कामाचा. कॉइल मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून जाड तांब्याची तार आणून लाकडी रिळावर गुंडाळली, आत लोखंड घातलं नाही, आणि मीटरवर मोजत मोजत वेढे कमी केले.

तीन ठिकाणी तोडून बघितलं. ३.१५ चा एकच कंडेन्सर घातला की ३००० च्या थोडं वर जातं. समोर छान, पण भिंतीकडेला बसलेल्याचे त आणि ठ गेले. ३.१५ चे दोन घातले की १६०० येतं. बाजूला सगळ्यांत सारखा आवाज इथंच मिळाला, पण कुणी माइकच्या जवळ येऊन मोठ्यानं बोललं की ट्विटर कर्कश व्हायचा. २००० वर थांबलो. दर वेळी कॉइलही बदलावी लागते, नुसता कंडेन्सर बदलून भागत नाही.

ह्यात दोन गोष्टी सूत्रात दिसत नाहीत. ८ ओहमचा वूफर सगळीकडं ८ ओहमचा नसतो, वर जाईल तसा त्याचा रोध वाढतो. म्हणून त्याच्या टोकांवर ८ ओहमचा रेझिस्टर आणि एक कंडेन्सर एकामागं एक जोडून ती वाढ दाबली. माझ्या स्पीकरला ८ मायक्रोफॅरडच्या आसपास बसला, तुमचा वेगळा असेल. दुसरं, कॉम्प्रेशन ट्विटर कोनपेक्षा फार बोलका. त्याच्या वाटेत ४ ओहम आणि टोकांवर ८ ओहम असे दहा वॉटचे रेझिस्टर घातले. हिशोब करून बघा, मशीनला ८ ओहमच दिसतात आणि ट्विटरला व्होल्टेज निम्मं जातं, म्हणजे ६ डेसिबल कमी. त्यापुढं आणखी कमी करावंसं मला वाटलं होतं, पण अण्णांच्या कानासाठी तेवढा वरचा आवाज राहू दिला.

ट्विटरच्या तारा उलट्या जोडायच्या की सुलट्या? मोबाइलवर २००० हर्ट्झचा सूर लावा आणि दोन्ही करून ऐका. ज्या जोडणीत आवाज पडतो ती सोडून दुसरी ठेवा.

कोअॅक्सियलला खोड नाही असं नाही. कोन हलतो आणि तोच ट्विटरचा कर्णा असतो, म्हणून जाड आवाज जास्त सोडला की बारीक आवाज थरथरतो. बोलण्यासाठी मशीनवरचा बास पूर्ण खाली ठेवलाय. भजनी मंडळाची कुरकूर आहे, मृदंगाला भार नाही म्हणतात. खरं आहे त्यांचं. अगदी नाकासमोर उभं राहिलं तर आवाज थोडा टोचतो, म्हणून पेट्या जरा बाजूला वळवून खाली, तिसऱ्या ओळीवर रोखल्यात.

लावल्यावर नातीला माइकवर बसवलं. तिनं वीस, तीस, सात, साठ, आठ असे आकडे मनाला येतील तसे वाचायचे, आणि मंडपात ठिकठिकाणी बसलेल्यांनी पाटीवर लिहायचे. आधी भोंग्यावर, मग पेट्यांवर. अण्णांचे भोंग्यावर वीसांतले नऊ बरोबर आले होते, पेट्यांवर सतरा. चुकलेले तिन्ही सात-साठचे. ते पाटी बघत म्हणाले, "पोरीला सांग, ठ जरा ठासून म्हण." तेव्हापासून आम्ही बोलणाऱ्यालाच विनंती करतो, की आकडा दोनदा सांगा आणि फळ्यावर लिहा.

दोन्ही पेट्यांचा मिळून खर्च साडेबारा हजार, मजुरी घरची. प्लायवूड १८ मिलिमीटर, पेटी बंद.

मागच्या दाराशी बायका बसतात, तिथं अजून कमी पडतं. तिसरी पेटी घालायची तर ती पुढच्या पेट्यांपासून बारा मीटरवर येते, म्हणजे पुढचा आवाज तिथं सुमारे ३५ मिलिसेकंद उशिरा पोचणार आणि शब्दावर शब्द चढणार. तेवढा उशीर तिसऱ्या पेटीला लावणारं यंत्र मिळतं, पण त्याची वर्गणी अजून जमायची आहे. कुणी वापरलं असेल तर सांगा.